नाशिक ते मालेगाव : परदेशी पडद्याची वाट

नाशिकहून मुंबईकडे निघालं की शहराच्या टोकाला त्रिरश्मी डोंगर लागतो. वर पांडवलेणी, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी डोंगरात कोरलेली. पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचं स्मारक. शाळांच्या सहली इथे हमखास येतात. मुलं लेण्यांच्या पायऱ्या धावत चढतात, खाली येऊन डबे सोडतात, आणि स्मारकाकडे फारसं कुणी लक्ष देत नाही.

दिवाळीच्या सुटीत एका गुरुवारी संध्याकाळी आम्ही इथे थांबलो. आम्ही म्हणजे आम्ही नवरा-बायको, आमची दोन मुलं आणि मालेगावचा भाचा. भाचा सतरा वर्षांचा. दहावीला गणितात राहिला, म्हणून वर्षभरासाठी आपाने त्याला आमच्याकडे नाशिकला पाठवलं आहे. गणितात त्याचं मन लागत नाही, कराटेत मात्र पहाटे पाचला न उठवता उठतो. फजर झाली की सायकल काढून गोल्फ क्लबच्या मैदानावर जातो आणि घामाने निथळून परत येतो. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट आहे : परदेशात जाऊन मारधाडीच्या चित्रपटांत काम करायचं.

चित्रपट पाहावेत की पाहू नयेत, यावर आपल्या घराघरांत मतं वेगळी आहेत, आणि प्रत्येक घराने ती आपल्या समजुतीने ठरवावीत. इथे आमचा विषय रोजीचा आहे. आपल्या गल्लीतला मुलगा अशी वाट धरायची म्हणतो, तेव्हा ती वाट खरी कशी आहे हे घरच्या मोठ्यांना ठाऊक असायला हवं. नुसतं “नाही” म्हटल्याने मुलगा गप्प होतो, पण त्याच्या मनातली गोष्ट जात नाही.

फाळके परत का आले?

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० चा, इथून तासाभराच्या आत पोहोचता येईल अशा त्र्यंबकेश्वरचा. चाळिशी उलटल्यावर त्यांना चित्रपट काढायचा ध्यास लागला. आयुर्विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तिथे चित्रपट कसा बनतो ते पाहिलं, कॅमेऱ्याची ऑर्डर दिली आणि परत आले. ३ मे १९१३ रोजी मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांना दाखवला गेला. मग त्यांनी आपलं काम नाशिकला हलवलं. १९१४ मध्ये आपले चित्रपट घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. तिथल्या जाणकारांनी कामाची वाहवा केली, इंग्लंडमध्येच राहून काम करण्याचा प्रस्ताव आला. ते नाशिकला परतले. १९४४ मध्ये त्यांचं निधन झालं, तेही नाशिकमध्येच.

हे सांगितल्यावर भाच्याने विचारलं, “मामू, तिकडे काम मिळत होतं, तर ते परत का आले?”

प्रश्न साधा होता, पण उभ्या उभ्या उत्तर देण्यासारखा नव्हता. दुसऱ्या दिवशी मालेगावला जायचं होतं. आम्ही म्हटलं, “उद्या रस्त्यात बोलू.”

आग्रा रोड

नाशिक ते मालेगाव हे अंतर शंभर किलोमीटरहून थोडं जास्त. जुना मुंबई-आग्रा रस्ता आता रुंद झाला आहे, पण म्हातारी माणसं अजून त्याला आग्रा रोडच म्हणतात. सकाळच्या एसटीत जागा मिळाली. आडगाव गेलं, ओझर आलं. इथे लढाऊ विमानांचा कारखाना आहे. पुढे पिंपळगाव बसवंत, टोमॅटो आणि द्राक्षांचं गाव. रस्त्याच्या कडेला क्रेट भरलेल्या पिकअप गाड्यांची रांग लागली होती.

इथे भाच्याने खिशातला मोबाइल काढून आम्हाला एक निरोप दाखवला. मालेगावच्या ओळखीतल्या एका माणसाने पाठवला होता. बँकॉकमध्ये चित्रपटांसाठी फाईट करणारी मुलं हवीत, राहणं-खाणं मोफत, पगार डॉलरमध्ये, शिक्षणाची अट नाही. आधी एक लाख ऐंशी हजार रुपये भरायचे. व्हिसा पर्यटकाचा काढायचा, “कामाचा तिकडे गेल्यावर होतो”. भाचा जानेवारीत अठरा वर्षांचा होतो. त्याच्या अब्बांनी यासाठी दोन लूम विकायचा विचार चालवला आहे, हेही त्याने खाली मान घालून सांगितलं.

मुमानी खिडकीकडे पाहत राहिली. आम्ही निरोप पुन्हा वाचला आणि मोबाइल त्याच्या हातात दिला. रागावून काही होणार नव्हतं. त्याला एवढंच विचारलं, “तू ज्यांना मानतोस, ते परदेशी पडद्यावर कसे पोहोचले ते माहीत आहे का?”

“जॅकी चॅनचं माहीत आहे,” तो म्हणाला. पण माहीत होते ते चित्रपट. त्यामागची वर्षं माहीत नव्हती.

जॅकी चॅनचा जन्म १९५४ चा, हाँगकाँगचा. सातव्या वर्षाच्या सुमाराला आई-वडिलांनी त्याला चिनी संगीत नाटकाची तालीम देणाऱ्या एका गुरूच्या हवाली केलं. करार दहा वर्षांचा. पहाटे उठणं, कोलांट्या, गाणं, काठी, चुकलं की छडी. तिथून बाहेर पडला तेव्हा नाटकांचे दिवस संपत आले होते. मग चित्रपटांत रोजंदारीवर मार खाणारा, पडणारा माणूस म्हणून काम. ब्रूस लीच्या ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ आणि ‘एंटर द ड्रॅगन’मध्ये तो आहे, पण लाथ खाऊन पडणाऱ्यांत. १९७६ मध्ये काम मिळेना म्हणून ऑस्ट्रेलियात आई-वडिलांकडे गेला आणि कॅनबेरा शहरात इमारतीच्या बांधकामावर मजुरी केली. जॅकी हे नाव तिथल्या मजुरांमध्येच पडलं. परत बोलावणं आलं आणि १९७८ मध्ये हाँगकाँगच्या चित्रपटांनी त्याचं नाव झालं. १९८० मध्ये अमेरिकेत जाऊन काम केलं, पण ते चाललं नाही. तो घरी परतला आणि पुढची पंधरा वर्षं हाँगकाँगमध्ये काम करत राहिला. अमेरिकेत त्याचा पहिला मोठा यशस्वी चित्रपट लागला तो १९९६ मध्ये. चित्रीकरण हाँगकाँगवाल्यांचंच होतं.

ब्रूस लीचंही तसंच. तो जन्मलाच अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोला, १९४० मध्ये. वाढला हाँगकाँगला. मोठा झाल्यावर अमेरिकेत दूरचित्रवाणीवर त्याला काम मिळालं, पण दुसऱ्याच्या मदतनिसाचं. मुख्य भूमिका कुणी देईना. हाँगकाँगला परतून १९७१ मध्ये त्याने ‘द बिग बॉस’ केला. त्याचं चित्रीकरण थायलंडमध्ये झालं होतं. तो इतका चालला की अमेरिकेची कंपनी स्वतः दारात आली. ‘एंटर द ड्रॅगन’ लोकांसमोर येण्याआधीच, जुलै १९७३ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तो गेला.

चांदवडच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली. अहिल्यादेवींच्या रंगमहालाचं हे गाव. चहा घेताना भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे दोघंही आधी परत आले.” राहुड घाट उतरून गाडी उमराण्याच्या कांदा बाजारापर्यंत आली, तरी तो त्याच विचारात होता.

जुम्याच्या दिवशी मालेगाव

मालेगाव मोसम नदीच्या दोन्ही काठांवर वसलेलं आहे. १८५७ नंतर आणि पुढच्या दुष्काळांत उत्तर हिंदुस्थानातून विणकर मोमीन कुटुंबं इथे येत गेली. हातमाग गेले, पॉवरलूम आले. आज अर्ध्याहून अधिक गाव या ना त्या रीतीने कापडावर जगतं. इतर दिवशी गल्लीत शिरलं की लूमच्या खडखडाटात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. जुम्याला लूम बंद असतात. त्या दिवशी गाव जणू श्वास घेतं : दुपारी मशिदी भरतात, संध्याकाळी हॉटेलं, आणि बऱ्याच जणांची पावलं चित्रपटगृहाकडे वळतात.

या गावाने चित्रपट नुसते पाहिले नाहीत, बनवलेही. इथले शेख नासिर व्हिडिओ पार्लर चालवत. हिंदीबरोबर परदेशी चित्रपट दाखवता दाखवता चित्रपट कसा जोडला जातो हे त्यांनी पाहून पाहून शिकून घेतलं. २००० मध्ये गावातल्याच माणसांना घेऊन त्यांनी ‘मालेगाव के शोले’ काढला. पैसा थोडा, कॅमेरा लग्नाच्या शूटिंगचा, कलाकार लूमवरचे आणि दुकानातले. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ बनवताना फैजा अहमद खान यांनी त्या धडपडीवर माहितीपट केला, ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’, २००८ चा. तो अनेक देशांतल्या महोत्सवांत दाखवला गेला. २०२४ मध्ये याच माणसांच्या कहाणीवर रीमा कागती यांनी केलेला ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ कॅनडातल्या टोरांटोच्या महोत्सवात झळकला.

मालेगावचा परदेशात बोलबाला झाला तो असा. आधी इथे काम झालं, मग ते काम बाहेर गेलं.

या कहाणीत एक दुखरी गोष्टही आहे. सुपरमॅन झालेला शफीक शेख लूमवर काम करणारा, किडकिडीत अंगाचा तरुण. हिरव्या कापडासमोर त्याला उडताना दाखवलं होतं. थोड्याच वर्षांत तोंडाच्या कर्करोगाने तो गेला. गुटखा आणि तंबाखूने आपल्या वस्त्यांतली किती जवान माणसं नेली, ते वाचकांना वेगळं सांगायला नको. ज्याला अंग विकून रोटी कमवायची आहे, त्याने तर पुडीकडे पाहूसुद्धा नये.

दुल्हेभाईंच्या ओसरीवर

जुम्याची नमाज झाली. आपाने दालचा-चावल केला होता. जेवणं उरकल्यावर आम्ही दुल्हेभाईंसमोर विषय काढला. ते तीस वर्षं लूमवर आहेत, त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं. म्हणाले, “मास्टर, मंदी आहे. लूमवर याला बसवून मी याचं काय भलं करणार? निदान एक तरी या आवाजातून बाहेर पडू दे.”

यात आम्हाला लोभ दिसला नाही, बापाची चिंता दिसली. म्हणून उत्तरही चिंतेला साजेसंच द्यायचं होतं. आम्ही त्यांना आणखी एका मुलाची गोष्ट सांगितली.

इंडोनेशियातल्या जकार्ताचा इको उवैस, मुसलमान घरातला. आजोबा सिलाट या तिथल्या युद्धकलेचे उस्ताद. दहाव्या वर्षापासून तो घरच्याच आखाड्यात शिकला. पोटासाठी मात्र एका टेलिफोन कंपनीत गाडी चालवायचा. २००७ मध्ये वेल्सचा दिग्दर्शक गॅरेथ इव्हान्स सिलाटवर माहितीपट करायला आला आणि आखाड्यात त्याला हा मुलगा दिसला. २००९ मध्ये ‘मेरांताऊ’ आला, २०११ मध्ये ‘द रेड’. दोन्ही इंडोनेशियात, त्यांच्याच भाषेत. त्यानंतर अमेरिकेची बोलावणी आली. इकोने कुणाला पैसे भरले नाहीत. त्याने भरली ती आखाड्यातली पंधरा वर्षं.

‘मेरांताऊ’ या शब्दाचा अर्थही ऐकण्यासारखा आहे. सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ मुसलमानांत जवान मुलाने घर सोडून परमुलखी जायचं, रोजी आणि अक्कल कमवायची, ही जुनी रीत आहे. तिलाच मेरांताऊ म्हणतात. पण मुलगा घर सोडतो तो दीन, रीतभात आणि सिलाट शिकून. रिकाम्या हाताने त्याला कुणी दाराबाहेर ढकलत नाही.

दुल्हेभाईंनी विचारलं, “मग या बँकॉकवाल्याचं काय?”

आम्हाला पक्कं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. वाचकांच्याही उपयोगाचं आहे, म्हणून इथे लिहितो.

पर्यटकाच्या व्हिसावर काम करणं गुन्हा आहे. “तिकडे गेल्यावर होतो” हे वाक्य ऐकलं की उठावं. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटाकडे भारत सरकारचा परवाना असावा लागतो, आणि तो खरा की खोटा हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येतं. परवानाधारक एजंटाला तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही, आणि त्याची पावती द्यावी लागते. एक लाख ऐंशी हजारांचा हिशेब इथेच संपतो.

दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर सहसा ईसीआर असा शेरा येतो. असा माणूस थायलंड, इंडोनेशिया, मलेशिया, सौदी, दुबई अशा अठरा देशांत नोकरीला जाणार असेल, तर सरकारची वेगळी मंजुरी लागते. अडाणी माणसाची फसवणूक होऊ नये म्हणून ही व्यवस्था आहे. दहावी पास झालं की हा शेरा लागत नाही. म्हणजे भाच्याच्या बँकॉकच्या वाटेवरची पहिली चौकी दहावीचं गणित आहे.

आणि सगळ्यात गंभीर गोष्ट. थायलंडमध्ये नोकरी देतो म्हणून नेलेल्या तरुणांना सीमा ओलांडून म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत डांबल्याच्या घटना अलीकडच्या वर्षांत घडल्या आहेत. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने तिथून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणलं. त्यांच्याही आई-वडिलांनी कुठेतरी काहीतरी विकलंच असेल.

आपाने ओढणीचा पदर तोंडाला लावला. दुल्हेभाई बराच वेळ बोलले नाहीत.

हाडं कुणाची, जबाबदारी कुणाची?

वाट खोटी आहे असं आम्ही भाच्याला सांगितलं नाही. ती खरी आहे, पण ती मजुरीची वाट आहे. मुंबई नाशिकपासून चार तासांवर. तिथे स्टंट कलाकारांची संघटना आहे, आणि फाईट मास्टर आपल्या टोळीत माणसं घेतो ती ओळख, शिस्त आणि अंगातली कला पाहून. नुसत्या कराटेने भागत नाही. उंचावरून पडायला, पाण्यात, आगीजवळ, घोड्यावर, गाडीवर काम करायला शिकावं लागतं. कॅमेऱ्यासमोर समोरच्याला न लागता मारणं हे खरं मारण्यापेक्षा अवघड आहे. चेहरा दुसऱ्याचा असतो, पडणं आपलं.

आणि अंग मोडलं तर? १९८६ मध्ये युगोस्लाव्हियात झाडावरून पडून जॅकी चॅनची कवटी फुटली, शस्त्रक्रिया झाली म्हणून वाचला. तो नावाजलेला होता. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूत चित्रीकरणात गाडी उलटून एस. एम. राजू हे अनुभवी स्टंटमन जागीच गेले. म्हणून या कामाला निघालेल्या मुलाच्या बापाने पगाराआधी विचारायचा प्रश्न हा : विमा कुणाच्या नावाने आहे, किती आहे, कागद कुठे आहे? चाळिशीनंतर अंग साथ देत नाही, तेव्हा काय करणार, हा त्यापुढचा.

त्या प्रश्नाचं एक उत्तर शिकवणं हे आहे. ज्याला कला येते आणि ज्याच्याकडे प्रमाणपत्र आहे, तो शाळेत, क्लासमध्ये, पोलीस भरतीच्या तयारीत मुलांना शिकवू शकतो. मुलींनाही शिकणं हवं आहे. आमची धाकटी भाची हे सगळं दारात उभी राहून ऐकत होती. तिने विचारलं, “मामू, मुलींचं कराटे परदेशात चालतं का?” तिला आम्ही इजिप्तच्या फेरियाल अब्देलअजीजचं नाव सांगितलं. हिजाब घालून खेळणाऱ्या या मुलीने २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये कराटेचं सुवर्णपदक जिंकलं. भाचीने ते नाव हातावर पेनाने लिहून घेतलं.

ठरलं ते एवढंच

असरनंतर दुल्हेभाई म्हणाले, “लूम विकत नाही. पण याला कायमचं अडवतही नाही.” मग बाप-लेकाने मिळून तीन गोष्टी ठरवल्या. मार्चमध्ये दहावी. त्यानंतर कराटेबरोबर जिम्नॅस्टिक आणि पोहणं, उस्तादाच्या देखरेखीखाली. अठरा पूर्ण झाल्यावर मुंबईत एका फाईट मास्टरकडे जाऊन कामाची पद्धत पाहायची, आणि तेव्हा अब्बा सोबत असतील. परदेशाचं नाव कुणी घेतलं नाही, पण ते कुणी पुसलंही नाही.

भाच्याने त्या माणसाला नकाराचा निरोप आमच्यासमोर लिहिला. पाठवायच्या आधी त्याचा अंगठा थोडा अडखळला, हे आम्ही पाहिलं. सतरा वर्षांच्या मुलासाठी ती मोठी गोष्ट आहे. मार्चमध्ये गणितात तो पास होईल की नाही, मुंबईत त्याला कुणी विचारेल की नाही, ते आज सांगता येत नाही.

फाळके परत का आले, याचं उत्तर त्याने स्वतःच आपाला सांगितलं : “अम्मी, त्यांचं काम इथे होतं. म्हणून तिकडच्यांनी विचारलं.” आम्हाला यात भर घालायची नव्हती.

वाचकहो, तुमच्याही घरात, शेजारात असा एखादा मुलगा असेल. तो दुबईच्या हॉटेलचं स्वप्न पाहत असेल, क्रिकेटचं किंवा पडद्याचं. त्याला हसू नका आणि त्याच्या स्वप्नासाठी घरातली वस्तूही घाईने विकू नका. त्याच्या शेजारी बसा, तो ज्यांना मानतो त्यांची वर्षं त्याच्यासोबत मोजा, आणि पैसे मागणाऱ्याचा कागद मागा. हुनर जवळ असेल तर रोजी आपला पत्ता शोधत येते, इन्शाअल्लाह. तोवर मुलगा आपल्या नजरेसमोर शिकत असलेला बरा.